अस्वल, शिधा आणि माणूस : अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील अन्नसाठवणूक व्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास (१८७२ ते २०१४)

शोधसारांश

रानात तंबू ठोकून राहणाऱ्या पर्यटकाने आपला शिधा अस्वलापासून कसा राखावा, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा व तंत्राचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा इतिहास तपासला असता मात्र हा प्रश्न मानव आणि वन्यप्राणी यांच्या संबंधांतील जबाबदारीचा असल्याचे दिसून येते. उकिरडा, दोरी, पोलादी पेटी आणि अस्वलरोधक डबा असे या व्यवस्थेचे चार टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात अस्वलाला मुद्दाम खाऊ घातले गेले. पुढे त्याला गुन्हेगार ठरवून मारले गेले. अखेरीस दोष अस्वलाचा नसून उघड्यावर ठेवलेल्या अन्नाचा आहे, हे मान्य झाले. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा यलोस्टोन, ग्लेशियर व योसेमिटी या उद्यानांच्या आधारे आढावा घेतला आहे.

बीजशब्द : राष्ट्रीय उद्यान, काळे अस्वल, ग्रिझली, शिधा, अस्वलरोधक डबा, वन्यजीव व्यवस्थापन.

प्रस्तावना

मनुष्य जेथे जातो तेथे आपले अन्न बरोबर नेतो. वस्तीत हे अन्न भिंती, कवाडे व कुलुपे यांच्या आड सुरक्षित असते. रानातील मुक्कामात मात्र माणूस आणि प्राणी यांच्यामध्ये केवळ कापडाचा एक पडदा असतो. अस्वलासारख्या प्राण्याच्या दृष्टीने तो पडदा नसल्यासारखाच होय. अस्वलाची घ्राणशक्ती अत्यंत तीक्ष्ण असते. त्याची स्मरणशक्ती चांगली असते, पंजे बळकट असतात आणि ते सर्वभक्षी असते. शीतनिद्रेपूर्वी शरद ऋतूत त्याला अंगावर चरबी साठवावी लागते आणि त्या काळात ते दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत अन्न ग्रहण करू शकते. एवढी ऊर्जा रानातील बोरे, मुळे व कीटक यांतून मिळवण्यासाठी त्याला दिवसभर भटकावे लागते. तंबूबाहेर ठेवलेल्या एका शीतपेटीतून त्यातील मोठा भाग काही मिनिटांत मिळतो. त्यामुळे अस्वल पर्यटकांच्या अन्नाकडे वळते यात त्याचा दुष्टपणा नसून निसर्गाने दिलेला काटकसरीचा हिशेब आहे.

हा हिशेब एकदा जमला की अस्वल तो विसरत नाही. ते पुन्हा त्याच जागी येते, माणसाची भीती सोडते, गाड्यांची दारे मोडते आणि अखेर धोकादायक ठरवून मारले जाते. अन्न माणसाचे जाते व जीव अस्वलाचा जातो. म्हणून शिधा राखण्याचा प्रश्न हा अस्वलाच्या जगण्यामरण्याचाही प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) राष्ट्रीय उद्यानांत अस्वल व मानवी अन्न यांचा संबंध कसा प्रस्थापित झाला ते पाहणे. (२) अन्नसाठवणुकीच्या साधनांचा क्रमविकास मांडणे. (३) या साधनांच्या यशापयशामागील कारणांचा शोध घेणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अभ्यासाची व्याप्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निवडक उद्यानांपुरती मर्यादित आहे.

उकिरड्याचा रंगमंच

इ.स. १८७२ मध्ये यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. योसेमिटीला तो दर्जा १८९० मध्ये मिळाला. दोन्ही ठिकाणी पर्यटकांसाठी मोठी विश्रामगृहे उभी राहिली आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून निघणारे खरकटे मागच्या बाजूस उघड्यावर टाकले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या उकिरड्यांवर संध्याकाळी अस्वले जमू लागली आणि त्यांना पाहण्यासाठी पर्यटकही जमू लागले. उष्ण पाण्याच्या कारंज्यांइतकेच अस्वल हे उद्यानाचे आकर्षण बनले.

या प्रकारातील धोका प्रशासनाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. यलोस्टोनमध्ये पर्यटकांनी अस्वलांना खाऊ घालू नये असा नियम १९०२ मध्येच झाला होता. परंतु नियम कागदावर राहिला. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेची स्थापना झाली. नव्या खात्याला लोकांचा पाठिंबा व शासनाचा निधी मिळवायचा होता आणि त्यासाठी पर्यटकांची संख्या वाढणे आवश्यक होते. १९१९ ते १९२९ या काळात यलोस्टोनचे अधीक्षक असलेले होरेस ऑलब्राइट यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना अस्वलांचे दर्शन हे लोकप्रियतेचे साधन वाटत असे. कचरा टाकण्याच्या जागेसमोर प्रेक्षकांसाठी बाके मांडली गेली. रेंजर तेथे व्याख्यान देत आणि समोर ग्रिझली अस्वले खरकट्यावर ताव मारीत. योसेमिटीतही रात्री दिव्यांच्या प्रकाशात असेच खेळ होत. रस्त्याच्या कडेला थांबून मोटारीच्या खिडकीतून अस्वलाला बिस्किटे देणे हा तर सहलीचा नित्याचा भाग झाला.

याचे परिणाम आकड्यांत नोंदले गेले आहेत. १९३१ ते १९६९ या कालखंडात एकट्या यलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे दरवर्षी सरासरी ४८ माणसे जखमी होत आणि मालमत्तेच्या नुकसानीचे १०० हून अधिक प्रकार घडत. या काळात शिधा राखण्याविषयी पर्यटकाला फारसे काही सांगितले जात नसे. ज्या व्यवस्थेने दिवसा अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लावली, तीच व्यवस्था रात्री तंबूत शिरल्याबद्दल त्याला गोळी घालीत असे. धोरणातील ही विसंगती त्या काळात फार थोड्यांना जाणवली. जीवशास्त्रज्ञ जॉर्ज राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात उद्यानांतील प्राण्यांना नैसर्गिक स्थितीत राहू द्यावे, असा आग्रह धरला. खाऊ घालण्याचे सार्वजनिक खेळ १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात थांबले, पण उकिरडे तसेच राहिले. रंगमंच बंद झाला, परंतु भोजनालय चालूच राहिले.

१९६७ ची रात्र

या व्यवस्थेची खरी किंमत माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात १३ ऑगस्ट १९६७ रोजी मध्यरात्रीनंतर कळून आली. काही मैलांच्या अंतरावरील दोन वेगवेगळ्या मुक्कामांवर दोन वेगवेगळ्या ग्रिझली अस्वलांनी एकाच रात्री प्रत्येकी एका तरुणीचा बळी घेतला. दोघींचे वय १९ वर्षे होते. उद्यानाची स्थापना १९१० मध्ये झाली होती. तेव्हापासून तेथे ग्रिझलीच्या हल्ल्यात मृत्यू झाल्याची ही पहिलीच घटना होती आणि ती एका रात्रीत दोनदा घडली.

प्रारंभी या योगायोगाचे स्पष्टीकरण विजांच्या कडकडाटापासून अनेक गोष्टींत शोधले गेले. चौकशीतून पुढे आलेले वास्तव अधिक साधे होते. पहिल्या ठिकाणी, ग्रॅनाइट पार्क येथील डोंगरावरच्या विश्रामगृहामागे खरकटे टाकले जात असे आणि त्यावर येणारी अस्वले पाहुण्यांना दाखवली जात. दुसऱ्या ठिकाणी, ट्राउट सरोवराकाठी, एक कृश अस्वल त्या संपूर्ण उन्हाळ्यात मुक्कामी लोकांच्या अन्नावर धाड घालीत होते. त्याविषयी तक्रारीही झाल्या होत्या. ठार केल्यानंतर या अस्वलाच्या दाढांत काचेचे तुकडे रुतलेले आढळले. कचऱ्यातील अन्नावर जगणाऱ्या प्राण्याची अवस्था सांगण्यास हा एक तपशील पुरेसा आहे.

या घटनेनंतर ग्लेशियरमध्ये नियम बदलले. रानात नेलेला कचरा परत आणणे बंधनकारक झाले. मुक्कामाच्या जागी अन्न उंचावर टांगण्याची व्यवस्था झाली आणि स्वयंपाक, भोजन व झोप यांच्या जागा एकमेकींपासून दूर असाव्यात हे तत्त्व रूढ झाले. अंगावरच्या कपड्यांना लागलेला अन्नाचा वासही तंबूत नेऊ नये, ही आज सर्वत्र दिली जाणारी सूचना याच विचारातून पुढे आली.

उकिरडे बंद करण्याचा वाद

ग्लेशियरमधील दुर्घटनेचा परिणाम यलोस्टोनच्या धोरणावरही झाला. तत्पूर्वी १९६३ मध्ये स्टार्कर लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उद्यानांनी शक्य तितकी नैसर्गिक स्थिती राखावी अशी शिफारस केली होतीच. उघडे उकिरडे बंद झाले पाहिजेत याविषयी आता दुमत उरले नव्हते. वाद होता तो गतीविषयी. फ्रँक व जॉन क्रेगहेड हे संशोधक बंधू १९५९ पासून यलोस्टोनमधील ग्रिझलींचा अभ्यास करीत होते आणि अस्वलांच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून त्यांचा माग काढण्याची पद्धती त्यांनी येथेच विकसित केली. अनेक पिढ्या खरकट्यावर पोसलेल्या अस्वलांचे अन्न एकाएकी तोडले तर ती मुक्कामांवर व गावांवर चालून येतील आणि मोठ्या संख्येने मारली जातील, म्हणून उकिरडे क्रमाक्रमाने बंद करावेत, असे त्यांचे मत होते. प्रशासनाने मात्र ते झटपट बंद करण्याचा मार्ग स्वीकारला आणि १९७० पर्यंत उद्यानातील मोठे उकिरडे बंद झाले.

त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक ग्रिझली मारली गेली. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ग्रिझलीला कायद्याने संरक्षित प्राण्याचा दर्जा द्यावा लागला. त्या वेळी यलोस्टोन परिसरातील त्यांची संख्या सुमारे १३६ इतकी खाली आली असल्याचा अंदाज होता. दुसऱ्या बाजूस माणसे जखमी होण्याचे प्रमाण झपाट्याने घटले आणि पुढील दशकांत ते वर्षाला सरासरी एकाच्या आसपास आले. २०१० नंतरच्या दशकात ग्रिझलींची संख्याही ७०० च्या आसपास पोहोचल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, असे आज म्हणता येते. अन्न तोडणे योग्यच होते, परंतु ते तोडण्याच्या रीतीची किंमत एका संपूर्ण पिढीतील अस्वलांनी मोजली.

दोरीचा कालखंड

उकिरडे बंद झाल्यावर अन्नाचा एकच मोठा स्रोत उरला, तो म्हणजे पर्यटकाची पाठपिशवी व त्याची गाडी. याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, पाठीवर ओझे घेऊन रानात पायी हिंडण्याची लाट अमेरिकेत आली. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांग या मंडळींची आवडती भूमी होती. कॅलिफोर्नियातून ग्रिझली १९२० च्या दशकापर्यंत नामशेष झाले होते. येथे सामना होता तो काळ्या अस्वलाशी. हे अस्वल आकाराने लहान, परंतु झाडावर चढण्यात तरबेज असते.

प्रारंभी शिधा दोरीने फांदीला टांगण्याची पद्धत रूढ झाली. दोरी खोडाला बांधलेली असे. ती कुरतडली की पिशवी खाली पडते, हे अस्वलांनी लवकरच हेरले. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात समतोल पद्धतीचा प्रसार करण्यात आला. सारख्या वजनाच्या दोन पिशव्या दोरीच्या दोन टोकांना बांधून त्या फांदीवरून तराजूच्या पारड्यांसारख्या लोंबकळत ठेवायच्या, म्हणजे खाली बांधलेली दोरीच उरत नाही. पिशव्या जमिनीपासून सुमारे १२ फूट उंच व खोडापासून सुमारे १० फूट दूर असाव्यात, अशी सर्वसाधारण सूचना असे. फांदी पिशवीचा भार पेलेल इतकी मजबूत, पण अस्वलाचे पिलू पेलणार नाही इतकी बारीक असावी लागे. दिवसभर चालून थकलेल्या माणसाने अंधारात अशी फांदी शोधावी, ही अपेक्षा बहुधा पुरी होत नसे. कित्येक ठिकाणी अस्वलांनी फांद्याच मोडल्या, कोठे मादीने पिलाला फांदीवर धाडले, तर कोठे अस्वलाने वरून झेप घेऊन पिशवीसह जमीन गाठली. काही मुक्कामांवर दोन झाडांमध्ये पोलादी तार ताणण्याचाही प्रयोग झाला. दोरी अस्वलाला थोपवत नाही, केवळ विलंब लावते, हा या कालखंडाचा धडा होय.

योसेमिटीमध्ये याच काळात उपद्रवी ठरलेल्या अस्वलांना मारण्याविरुद्ध लोकमत जागृत झाले आणि १९७५ मध्ये मानव व अस्वल यांच्या संबंधांच्या व्यवस्थापनाची स्वतंत्र योजना अमलात आली. लोकशिक्षण, मानवी अन्नाचे स्रोत दूर करणे, नियमांची अंमलबजावणी, उपद्रवी अस्वलांचे नियंत्रण आणि संशोधन ही तिची अंगे होती. अस्वलाला पकडून दूर सोडण्याचा उपायही करून पाहिला गेला. पण अनेक अस्वले दहापाच दिवसांत पुन्हा मूळ जागी परत येत.

पेटी आणि डबा

दोरीला पर्याय दोन दिशांनी पुढे आला. मोटारीने पोहोचता येणाऱ्या मुक्कामांवर जाड पोलादी पत्र्याच्या पेट्या जमिनीत पक्क्या बसवण्यात आल्या. योसेमिटीतील प्रचलित पेटी साधारणतः ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल व १८ इंच उंच असते. तिची कडी अशी आत घेतलेली असते की माणसाची बोटे तेथे पोहोचतात, परंतु अस्वलाचा पंजा पोहोचत नाही.

पायी हिंडणाऱ्यांसाठी पेटी उपयोगाची नव्हती. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील व्हिसेलिया येथील गार्सिया यांच्या यंत्रशाळेत चिवट प्लास्टिकचा एक नळकांडी डबा तयार झाला. तो सुमारे एक फूट लांब असून त्याचे वजन सव्वा किलोच्या आसपास होते. अस्वलाच्या जबड्यात मावणार नाही एवढा त्याचा व्यास होता. बाहेरील पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने दात किंवा नखे अडकवण्यास जागा नसे. झाकण पृष्ठभागाच्या पातळीतच बसवलेले असे व ते नाण्याने फिरवून उघडावे लागे. हा डबा कोठे बांधायचा किंवा टांगायचा नसतो. तो तंबूपासून दूर, जमिनीवर तसाच ठेवायचा असतो. अस्वल येते, डबा लोळवते, त्यावर उभे राहते आणि काही न मिळाल्याने निघून जाते. डब्याचे खरे कार्य अन्न वाचवणे एवढेच नसून अस्वलाचे श्रम वाया घालवणे हेही आहे. काटकसरीचा जो हिशेब अस्वलाला मुक्कामाकडे आणतो, तोच हिशेब उलटा फिरवण्याचे काम हा डबा करतो.

अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानात झाडांची उंची मर्यादित व विस्तीर्ण प्रदेश वृक्षहीन असल्याने अन्न टांगण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे १९८० च्या दशकातच असे डबे वापरण्यास सुरुवात झाली आणि अस्वलांना शिधा मिळण्याच्या घटनांत लक्षणीय घट झाली. १९८३ मध्ये ग्रिझलींच्या संवर्धनासाठी आंतरविभागीय समिती स्थापन झाली. पुढे तिच्या निकषांनुसार साधनांची चाचणी घेण्याची पद्धतही रूढ झाली. वेस्ट यलोस्टोन येथील केंद्रात पाळलेल्या अस्वलांपुढे खाद्याने भरलेला डबा ठेवला जातो. तो एकूण ६० मिनिटे त्यांच्या खटाटोपाला टिकला, तर प्रमाणपत्रास पात्र ठरतो. मानवी वस्तूच्या गुणवत्तेचा निर्णय प्राण्याच्या पंजावर सोपवणारी ही परीक्षा विरळाच म्हणावी लागेल.

१९९८ : योसेमिटीतील संकट

साधने उपलब्ध झाली म्हणून प्रश्न सुटला असे मात्र घडले नाही. योसेमिटीत अस्वलांची संख्या ३०० ते ५०० च्या दरम्यान असल्याचे मानले जाते. १९९० च्या दशकात पर्यटकांची वार्षिक संख्या मात्र ४० लाखांच्या घरात गेली. १९९८ या एका वर्षात तेथे अस्वलांच्या उपद्रवाच्या १,५८४ घटना नोंदल्या गेल्या आणि साडेसहा लाख डॉलरहून अधिक रकमेचे नुकसान झाले. यात फोडलेल्या मोटारींचे प्रमाण मोठे होते. अस्वले दाराच्या चौकटीत नखे घालून दार वरून खाली वाकवीत. पुढील काळातील एका अभ्यासात असेही आढळले की, वाहनतळावरील प्रमाणाच्या मानाने मुलाबाळांच्या कुटुंबांना सोयीची असलेली मिनीव्हॅन अधिक फोडली जात असे. मुलांनी सांडलेल्या खाऊचा वास हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले.

१९९९ पासून अमेरिकेच्या संसदेने या कामासाठी योसेमिटीला दरवर्षी सुमारे पाच लाख डॉलरचा निधी दिला. त्यातून पोलादी पेट्या मुक्कामांबरोबरच वाहनतळांवर व पायवाटांच्या आरंभस्थानी बसवण्यात आल्या. रात्री गस्त घालणारे कर्मचारी नेमले गेले. अंधार पडल्यावर मोटारीत अन्न ठेवण्यास मनाई झाली. अन्न या शब्दाची व्याख्या विस्तारून साबण, दंतमंजन, मलमे, सुगंधी द्रव्ये व रिकामे डबे यांचाही तिच्यात समावेश झाला, कारण अस्वल वासावरून येते, लेबल वाचून नव्हे. नियम मोडणाऱ्यास ५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती. रानात पायी जाणाऱ्यांवर अस्वलरोधक डब्याची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांना अल्प भाड्याने देण्याची सोय झाली. परिणामी उपद्रवाच्या घटना १९९८ च्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटल्या.

या यशाचा पुरावा खुद्द अस्वलांच्या शरीरातूनही मिळाला. मानवी आहारात मका व मांस यांचे प्रमाण अधिक असल्याने तो खाणाऱ्या अस्वलाच्या केसांत व हाडांत कार्बन आणि नायट्रोजन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण बदलते. संग्रहालयांतील जुने नमुने व नवे नमुने यांची तुलना करणारे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी अन्न खाणाऱ्या अस्वलांच्या आहारात त्या अन्नाचा वाटा १९१५ ते १९१९ या काळात १३ टक्के होता. १९२८ ते १९३९ मध्ये तो २७ टक्के आणि १९७५ ते १९८५ मध्ये ३५ टक्के झाला. १९९९ ते २००७ या काळात तो पुन्हा १३ टक्क्यांवर आला. उकिरडे बंद झाल्यानंतरच्या काळातच हा वाटा सर्वाधिक होता, ही बाब विशेष लक्षणीय आहे. उकिरडा गेला, पण मुक्कामावरील उघडी पिशवी व मोटार यांनी त्याची जागा घेतली होती.

डब्याची मर्यादा

कोणतेही साधन अंतिम नसते, याचे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतात पाहावयास मिळते. तेथील उंच शिखरांच्या पूर्व भागात २००५ पासून ठरावीक महिन्यांत अस्वलरोधक डबा बंधनकारक झाला. पण कानांना पिवळे बिल्ले लावलेल्या, आणि म्हणून ‘यलो-यलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एका छोट्याशा मादीने विशिष्ट बनावटीच्या डब्याचे झाकण दातांनी खटका दाबून फिरवण्याची युक्ती शोधून काढली. निर्मात्याने रचना बदलली, तरीही ती उघडत राहिली. २०१२ मध्ये ती शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. साधन व प्राणी यांच्यातील ही शर्यत संपणारी नाही. म्हणूनच डबा तंबूपासून दूर ठेवणे, तो पूर्ण बंद करणे व मुक्काम स्वच्छ राखणे या सवयींना पर्याय नाही.

भारतीय संदर्भ

अमेरिकेतील हा अनुभव भारतात जसाच्या तसा लागू होत नाही. मेळघाट, ताडोबा व विदर्भातील अन्य वनांत आढळणारे अस्वल हे मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि मोह, तेंदू, जांभूळ यांसारख्या फुलाफळांवर जगते. तेथील संघर्ष पर्यटकाच्या शिध्यावरून नव्हे, तर बहुतांशी पहाटे मोहफुले वेचण्यास गेलेला माणूस व त्याच फुलांसाठी आलेले अस्वल यांच्या गाठीतून उद्भवतो. तेथे अन्न अस्वलाचेही आहे आणि माणसाच्या उपजीविकेचेही. त्यामुळे डबा हे त्यावरील उत्तर होऊ शकत नाही. याउलट काश्मीरमधील सोनमर्गसारख्या पर्यटनस्थळी हिमालयीन तपकिरी अस्वले आणि राजस्थानातील माउंट अबू येथे तेथील अस्वले कचऱ्यातील अन्नाकडे वळल्याचे दिसून आले आहे. ही अवस्था यलोस्टोनच्या पहिल्या टप्प्याशी मिळतीजुळती आहे. तेथे अमेरिकेने शंभर वर्षांत घेतलेला धडा उपयोगी पडू शकतो.

निष्कर्ष

१. राष्ट्रीय उद्यानांतील अस्वलांचा उपद्रव हा नैसर्गिक नसून उकिरडे व खाऊ घालण्याचे खेळ यांतून मानवाने निर्माण केलेला होता.

२. अस्वलाला मारणे किंवा दूर नेऊन सोडणे हे उपाय अपुरे ठरले, कारण अन्नाचा स्रोत जागेवरच राहिला.

३. अन्नाचा स्रोत तोडणे आवश्यक असले तरी तो कसा व किती वेगाने तोडला जातो, यावर प्राण्यांचे भवितव्य अवलंबून असते.

४. डबा व पेटी यांची उपलब्धता पुरेशी नसते. निधी, नियम, गस्त, दंड व लोकशिक्षण यांची जोड मिळाल्यावरच योसेमिटीत बदल घडला.

५. मानवी अन्नाची चटक लागलेल्या अस्वलांची सवय परिस्थिती बदलल्यास कमी होऊ शकते, याला योसेमिटीच्या समस्थानिक अभ्यासाने वैज्ञानिक आधार दिला.

समारोप

१९०२ चा नियम आणि १९९९ नंतरची व्यवस्था यांच्यामध्ये जवळजवळ एक शतक उलटले. अस्वलाला खाऊ घालू नये हे पहिल्यापासून ठाऊक होते. ते आचरणात येण्यास मात्र असंख्य अस्वलांचे व काही माणसांचे प्राण जावे लागले. रात्री झोपण्यापूर्वी पर्यटक डब्याचे झाकण फिरवून बंद करतो, त्या वेळी तो उद्याच्या न्याहारीची सोय करीत असतो. त्याचबरोबर त्या परिसरातील एखाद्या अस्वलाला अस्वल म्हणून जगण्याची मुभा देत असतो. राष्ट्रीय उद्यान या संकल्पनेचा अर्थ शेवटी एवढाच आहे की माणसाने तेथे पाहुणा म्हणून जावे आणि आपले ताट आपणच सांभाळावे.